तांबडी रेघ

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं माणसानें पुन्हां विद्यार्थी व्हावें, हा योग सुखाचा कीं दुःखाचा, तें अजून मला ठरवितां आलेलें नाहीं. गुरु मिळाली तीहि अशी, कीं जिला मीं एके काळीं बोट धरून बालवाडींत पोंचविलें होतें. “मामा, नुसतें पाठ करूं नका, चुका होऊं द्या,” असें माझी भाची पहिल्याच दिवशीं म्हणाली. चुका करण्याची परवानगी शिक्षकाकडून मिळण्याचा माझ्या आयुष्यांतील हा पहिलाच प्रसंग. तिचा मीं पुढें जो उपयोग केला, तो तिलाहि अपेक्षित नसावा.

निमित्त झालें तें वडिलांच्या वह्यांचें. वाईच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर ते १९६१ सालापासून एक लहानसें वाचनालय चालवीत असत. कपाटें चार, पुस्तकें बाराशेंच्या आसपास, वर्गणी महिना आठ आणे. १९९४ मध्यें ते गेले आणि वाचनालयहि बंद पडलें. पुस्तकें बरीचशीं वांटलीं गेलीं. राहिल्या त्या देवघेवीच्या नऊ वह्या. त्यांचा कागद आतां इतका ठिसूळ झाला आहे, कीं पान उलटतांना त्याचा कोपरा हातांत येतो. या वह्या संगणकावर उतरवाव्या, कोणी केव्हां कोणतें पुस्तक नेलें हें घरांतल्या कोणालाहि क्षणांत पाहतां यावें, अशी इच्छा मला झाली. “मग तुम्हांला जँगो शिकायला हवें,” भाची म्हणाली.

हें नांव मी प्रथम ‘डीजँगो’ असें उच्चारीत असें. इंग्रजी लेखनांत त्याच्या आरंभीं जें एक अक्षर आहे तें मुकें आहे, हें मला दुसऱ्या आठवड्यांत समजलें. जँगो ही पायथॉन भाषेंत लिहिलेली एक चौकट; जाणते लोक तिला फ्रेमवर्क म्हणतात. संकेतस्थळाची जी बाजू आपल्या डोळ्यांपुढें असते ती रंगभूमि. पण कोणत्या पात्रानें केव्हां बाहेर यावें, कोणाच्या हातीं तलवार द्यावी नि कोणाच्या हातीं पत्र, हें पाहणारीं माणसें पडद्यामागें असतात. ही चौकट त्या पडद्यामागच्या व्यवस्थेची. ती जन्मली अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स नांवाच्या गांवच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरींत. २००३ सालीं एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनीं ती रचावयास घेतली, आणि जुलै २००५ मध्यें ती सर्वांसाठीं खुली झाली. वर्तमानपत्रांत काम करणारास उद्यांवर कांहीं टाकतां येत नाहीं. त्या घाईची खूण तिच्या अंगावर अजून दिसते. वारंवार लागणाऱ्या गोष्टी तींत तयारच मिळतात.

तिचें नांव ठेवलें आहे तें जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. १९२८ सालीं त्याच्या राहत्या गाडीस आग लागून डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं, आणि उरलेल्या दोन बोटांनीं वाजवूनच त्यानें युरोपभर कीर्ति मिळविली. मीहि टंकलेखन दोनच बोटांनीं करितों. हें वाचून मला उगीचच धीर आला. साम्य अर्थात् तेथेंच संपतें.

या चौकटीचें काम मला समजलें तें मात्र आमच्या ओसरीवरूनच. खिडकीशीं कोणी येऊन कांहीं मागतो. ती मागणी कोणाकडे धाडावयाची हें तिच्यावरील पत्ता पाहून ठरतें. मग आंतला कारकून उठतो. त्याला जँगोमध्यें व्ह्यू म्हणतात. कपाटांत काय आणि कसें लावलें आहे याचा आराखडा म्हणजे मॉडेल, आणि हवी ती वस्तु ज्या वेष्टनांतून बाहेर दिली जाते तें टेम्प्लेट. माझे वडील हीं सगळीं कामें एकटेच करीत असत, आणि मधून मधून आंत जाऊन चहाहि घेत असत!

पहिल्या महिन्यांतल्या फजित्यांचें पुराण सांगत बसत नाहीं. पायथॉनमध्यें ओळीच्या आरंभींच्या कोऱ्या जागेलाहि अर्थ असतो, आणि ती एका घरानें चुकली तरी सारें काम अडतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. वाचकांचीं नांवें मीं मोठ्या हौसेनें भरलीं, तर पडद्यावर ‘वाचक ऑब्जेक्ट (१)’, ‘वाचक ऑब्जेक्ट (२)’ अशी तुरुंगांतल्या कैद्यांसारखी रांग उभी राहिली. माणसाला कोणत्या नांवानें हांक मारावयाची, हें आपण सांगितल्यावांचून जँगोला कळत नाहीं. सकाळीं आठ वाजतां केलेली नोंद त्यानें रात्रीं अडीचची म्हणून दाखविली. कारण घड्याळ कोठलें धरावें हें मीं सांगितलें नव्हतें, आणि न सांगितल्यास नव्या कामांत तो जागतिक प्रमाणवेळ धरून चालतो. या चुका सुधारल्या, हंसण्यावारी गेल्या. पुढची मात्र गेली नाहीं.

वाचक, पुस्तक आणि देवघेव अशीं तीन कोष्टकें मीं केलीं होतीं. प्रत्येक देवघेव एका वाचकाशीं बांधलेली. ही गांठ मारतांना जँगो एक प्रश्न विचारतो: ज्याच्याशीं ही नोंद बांधली आहे तोच पुसला गेला, तर या नोंदीचें काय करावयाचें? डिसेंबर २०१७ मध्यें आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून या प्रश्नाचें उत्तर देणें सक्तीचें झालें आहे. तत्पूर्वीं उत्तर न दिल्यास त्या नोंदीहि पुसल्या जात. नवशिक्यांच्या धड्यांत उदाहरण आहे तें मतचांचणीचें, आणि तेथें उत्तर लिहिलें आहे ‘कॅस्केड’. म्हणजे धबधबा; वरचें गेलें कीं त्याच्यामागून खालचेंहि जावें. तेथें तें योग्यच आहे. प्रश्नच नाहींसा झाल्यावर त्याचे पर्याय ठेवून काय करावयाचे? मीं तो शब्द जसाच्या तसा उतरवून घेतला. शब्द कानाला गोडहि लागला.

वाचक क्रमांक १७ हे एक शाळामास्तर होते. ते १९९१ मध्यें वारले. वडिलांच्या वहींत त्यांच्या नांवावर तांबड्या शाईची रेघ आहे. म्हणून मींहि त्यांचें नांव कमी करावयाचें ठरविलें. पडद्यावर एक लांबलचक यादी आली, आणि तिच्याबरोबर ‘खात्री आहे काय?’ असा प्रश्न. बँकेच्या कागदांवर आपण ज्या बेफिकिरीनें सह्या करितों, त्याच बेफिकिरीनें मीं होकार दिला. ती यादी मास्तरांच्या शहाऐंशी देवघेवींची होती. नांवाबरोबर त्या सगळ्या गेल्या. साऱ्या नोंदी ज्या एका फाइलींत होत्या, तिची दुसरी प्रत मीं ठेवली नव्हती.

मीं भाचीला फोन केला.

“मामा, ती यादी वाचली नाहींत?”

“नाहीं.”

थोडा वेळ ती कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, “वही आहे ना?”

“आहे.”

“मग बसा.”

तीन रात्री बसलों. १९६८ पासून १९९१ पर्यंतच्या त्या शहाऐंशी ओळी पुन्हां लिहितांना एक माणूस माझ्यापुढून चालत गेला. आरंभीं सगळे बाबूराव अर्नाळकर, आठवड्याला दोन दोन. मग एका वर्षीं लागोपाठ पाकशास्त्राचीं तीन पुस्तकें. मास्तरांची पत्नी त्या सुमारास वारली होती हें मला ठाऊक होतें. पण त्यानंतर ते पुस्तकांत पाहून स्वयंपाक शिकले, हें मला कोणीं सांगितलें नव्हतें. पुढें मधुमेहावरचें एक पुस्तक, तेंच पुन्हां सहा महिन्यांनीं. नंतर मुलांच्या गोष्टी. नातवंडें आलीं असावीं. आणि शेवटच्या वर्षीं पुन्हां अर्नाळकर. प्रथम या ओळी उतरविल्या तेव्हां यांतलें कांहींहि मीं पाहिलें नव्हतें. तेव्हां मी कोऱ्या जागा मोजण्यांत दंग होतों.

चवथ्या दिवशीं त्या प्रश्नाकडे मी पुन्हां वळलों. ‘सेट नल’ असें उत्तर दिलें तर नोंदी राहतात, पण वाचकाची जागा रिकामी होते. म्हणजे शहाऐंशी पुस्तकें कोणी तरी नेलीं, कोणीं तें ठाऊक नाहीं. ‘प्रोटेक्ट’ म्हटलें तर एकहि नोंद त्या माणसाच्या नांवावर असेपर्यंत जँगो त्याला पुसूंच देत नाहीं. वडिलांच्या रेघेखालचें नांव अजून स्वच्छ वाचतां येतें. कमी करणें आणि पुसणें यांत त्यांनीं केलेला भेद माझ्या ध्यानांत आला नव्हता, इतकेंच. मीं ‘प्रोटेक्ट’ लिहिलें, आणि रेघेच्या जागीं वाचकांच्या कोष्टकांत ‘हयात’ नांवाचें एक नवें घर घातलें.

घर घालतांच जँगोनें पुन्हां अडविलें. या कोष्टकांत आधींपासून ज्या ओळी आहेत, त्यांना या घरांत काय लिहावयाचें? उत्तर एकच, आणि तें सर्वांना लागू. मीं ‘होय’ म्हणून सांगितलें. एका आज्ञेसरशीं दोनशें बारा माणसें जिवंत झालीं.

मग वह्या घेऊन ओसरीवर बसलों, आणि एकेका नांवापुढची खूण काढीत गेलों. पुष्कळांचें मला ठाऊकच नव्हतें. तें आईला विचारावें लागे. ती शहाऐंशी वर्षांची आहे, पण गांवांतलें कोण केव्हां गेलें हें तिला तिथीसकट आठवतें. “तो नाहीं रे, त्याचा धाकटा भाऊ गेला. तो आहे पुण्याला मुलाकडे,” असें म्हणून तिनें दोघांचौघांना माझ्या हातून वांचविलेंहि. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोनशें अकरा नांवें पुरीं केलीं.

वाचक क्रमांक १ म्हणजे वडील स्वतः. आपल्याच वाचनालयांतलें पुस्तक वाचावयास घेतांना ते नोंद करीत, आणि उशीर झाल्यास दंडाचे पैसेहि डब्यांत टाकीत. त्यांची शेवटची नोंद मार्च १९९४ ची आहे. परतीच्या तारखेची जागा कोरी आहे, आणि तें पुस्तक माझ्या कपाटांत आहे.

“झालें का सगळ्यांचें?” आईनें विचारलें.

“एक राहिलें आहे,” मी म्हणालों.