बसची वाट

तळेरे पाहायला म्हणून कोणी तळेऱ्याला जात नाही. मुंबईहून गोव्याला निघालेला माणूस तेथे चहा घेतो, कोल्हापूरहून विजयदुर्गला निघालेला तेथे पाय मोकळे करतो आणि दोघेही चार मैल पुढे गेल्यावर गावाचे नाव विसरून जातात. कणकवली तालुक्यातले हे गाव म्हणजे रस्त्यांची एक गाठ आहे. उत्तरेला खारेपाटण, दक्षिणेला नांदगाव आणि कणकवली, पश्चिमेला विजयदुर्ग आणि समुद्र. पूर्वेला वैभववाडी, करूळचा घाट आणि वर गगनबावडा. माझे मात्र ते आजोळ. तेव्हा मला ते विसरून कसे चालेल?

मी मूळचा पुण्याचा. लहानपणी मे महिन्याची सुटी लागली की आई आम्हां भावंडांना घेऊन लाल गाडीने निघायची. घाट उतरताना माझ्या पोटात ढवळे, हातात आवळासुपारी असे, आणि वैभववाडी मागे पडली की आई म्हणे, "आता आलेच." मामाचे घर गावापासून जरासे बाजूला, अगदी महामार्गाच्या काठी होते. घराची पडवी रस्त्याला इतकी लागून, की मामा पडवीतल्या बाकावर बसून हात करी आणि एस. टी. थांबे. नुसत्या आवाजावरून तो गाडी ओळखी. "ही विजयदुर्ग," "ही मालवण," असे सांगे आणि क्वचितच चुके. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, वैभववाडी रोडचे स्टेशन जवळ आले. तरी मामाच्या लेखी प्रवास म्हणजे पडवीतून हात करणे, एवढेच.

ती पडवी आता नाही. सतरा क्रमांकाचा महामार्ग २०१० साली सहासष्ट क्रमांकाचा झाला, तेव्हा पाटीखेरीज काही बदलले नव्हते. पुढे तो चौपदरी झाला, तेव्हा मात्र काठावरची झाडे गेली, माणसांची अंगणे गेली, आणि आमची पडवी गेली. मामाला मोबदला मिळाला. त्याने एकदाही कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. रस्ता हवाच होता, असे तो म्हणतो. जुन्या रस्त्यावर अपघातांत गेलेली माणसे त्याने पाहिली आहेत. बाक तेवढा आता माजघरात आहे, आणि तेथे बसून गाड्यांचे आवाज वेगळे काढता येत नाहीत.

यंदा दसऱ्यानंतर चार दिवस गेलो होतो. भात कापणीला आले होते. रात्री जेवणे झाल्यावर मामाने सहज विचारले, पुण्यात सध्या काय चालले आहे? मी उत्साहाने सांगू लागलो. आमच्या भागातल्या रस्त्यावर बसची राखीव मार्गिका वाढवत आणायची, अशी चर्चा आहे. आमच्या सोसायटीचा तिला विरोध आहे. विरोधाचे पत्र द्यायचे ठरले आणि मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मसुदा माझ्याकडे आला. तो चांगला उतरला होता, हे सांगायलाही मी विसरलो नाही.

"येष्टीक येगळी वाट?" मामाने विचारले. "तिच्या वाटेत दुसऱ्या गाडीन येवचा नाय?"

मी समजावून सांगितले. रस्त्याच्या मध्यावरचा पट्टा फक्त बससाठी राखायचा. थांब्याचा चौथरा बसच्या पायरीच्या उंचीचा करायचा, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढउतार नको. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने ही युक्ती १९७४ साली केली, कोलंबियातल्या बोगोटाने २००० साली ती मोठ्या प्रमाणावर उचलली. आपल्या देशात पहिला प्रयोग पुण्याचा, २००६ च्या डिसेंबरात, कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर. अहमदाबादने २००९ साली मागून येऊन तो आपल्यापेक्षा नेटका केला. दिल्लीत २००८ साली असाच मार्ग झाला. मोटारवाले न्यायालयात गेले, २०१२ साली उच्च न्यायालयात हरले. पण २०१६ साली तो मार्ग उखडण्यात आलाच. पुण्यातही नगर रस्त्यावर २०१६ साली सुरू झालेला मार्ग पुढे काढून टाकला गेला. वर्गात शिकवावे तसे मी हे सगळे सांगत होतो.

मामी दाराशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मगे बरा आसा मा! तुमका नको कित्याक?"

मी म्हणालो, मोटारींना जागा उरत नाही. मला कॉलेजात पोचायला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील.

यावर मामा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आमची पडवी गेली. तुमचा काय जाता?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझेही काहीतरी जात असणार, असे समजून त्याने आपुलकीने विचारले होते. म्हणूनच मला उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीला कणकवलीला डॉक्टरकडे न्यायचे होते. तिचा गुडघा धरला आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस. टी.चे तिकीट पडत नाही, त्यामुळे ती महिन्यातून एकदा एकटीच जाते, आणि त्याचा तिला अभिमान आहे. पण घर रस्त्याच्या पश्चिमेला आणि कणकवलीकडे जाणारी गाडी थांबते पूर्वेला. पूर्वी हे अंतर चार पावलांचे होते. आता आधी दोन पदर, मग दुभाजक, मग पुन्हा दोन पदर. गोव्याकडून येणाऱ्या मोटारी अशा सुटलेल्या, की दिसली म्हणेपर्यंत अंगावर आलेली असते. मामी काठी टेकून उभी राहिली. मी तिचा दंड धरला.

"दोन गाडयो सोडूक लागतत," ती शांतपणे म्हणाली, "मगे एक फट गावता. पन माझ्यान आता पळाक होना नाय."

आम्ही दुभाजकापर्यंत पोचलो आणि तेथेच अडकलो. पाच मिनिटे असतील. मला ती तासासारखी वाटली. पलीकडे आमची गाडी आली, थांबली, कोणी उतरले, आणि आम्ही मध्येच उभे असताना निघून गेली. चालकाचा काय दोष? त्याला आम्ही दिसणार कसे! मामी हसली. "दुसरी येतली," म्हणाली.

पुण्यातल्या राखीव मार्गावरही लोकांची खरी तक्रार हीच आहे, हे मला त्या दुभाजकावर उभे असताना आठवले. थांबा रस्त्याच्या मध्यावर असतो. तेथवर जायचे कसे, हा प्रश्न तेथेही पडतो. माझ्या मसुद्यात हा मुद्दा होता. पण तो मी मोटारवाल्यांच्या वतीने मांडला होता. बसची वाट धोक्याची आहे, म्हणून ती नकोच, असे मी लिहिले होते. आधी ओलांडण्याची सोय करा, सिग्नल द्या, मग मार्ग वाढवा, असे लिहायला काय हरकत होती? एका बसमध्ये साठ-सत्तर माणसे असतात आणि माझ्या गाडीत बहुतेक दिवस मी एकटा, हा हिशेब मला येत नव्हता असे नाही.

शेवटी पलीकडे पोचलो. मामी एका दगडावर टेकली आणि मी सोसायटीच्या चिटणिसांना फोन लावला. म्हटले, ते पत्र पाठवू नका.

"अहो, सर, सत्तर सह्या झाल्या आहेत," ते म्हणाले. "आणि भाषा काय सुरेख आहे!"

"मग माझी सही तेवढी काढा. आणि रविवारच्या सभेत मला दहा मिनिटे हवीत."

"बोला की. पण सर, गाडी तुमच्याकडेही आहे बरं का."

मी काही उत्तर देणार, तोच मामीने काठी वर करून हात केला. वळणावर लाल गाडी दिसत होती.