न दिसणें आणि नसणें

आमचा जुना सीडी-प्लेअर हल्लीं कोणतीहि तबकडी घातली तरी ‘तबकडी नाहीं’ असेंच सांगूं लागला. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या या यंत्रांत सुईचें काम ७८० नॅनोमीटरचा लेसर किरण करतो. आंतल्या कडेची अनुक्रमणिका तो प्रथम वाचतो. ती न वाचतां आली, कीं पुढचें सारें गाणें व्यर्थ. भिंग आम्हीं आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसलें. कारखान्यांत छापलेल्या तबकड्या गाऊं लागल्या. मातोश्रींच्या ओव्यांची, घरीं उतरविलेली तबकडी मात्र मुकीच! तशी तबकडी प्रकाश कमी परतविते. थकलेल्या लेसरला तो पुरत नाहीं. यंत्राला दिसत नाहीं म्हणून ओव्या नाहींत, असें मात्र नव्हे. तथापि त्या तबकडीवरील रंगद्रव्यहि कालांतरानें विटतें. यास्तव सतेज यंत्रावर आधीं ओव्यांची नक्कल करावी, दुरुस्ती मागाहून.