कानाचं वय

मुलांच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर बारीक अक्षरांत वयोगट छापलेला असतो. ३ ते ५, ६ ते ८, ९ ते १२. दुकानात उभं राहून भाचीसाठी वाढदिवसाची भेट शोधणाऱ्या मामाला त्याचा उपयोग होत असेल. नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी सतरंजीवर जी मंडळी जमतात, त्यांना तो लागू पडत नाही. एकीच्या मांडीवर तिचा तीन वर्षांचा भाऊ असतो, शेजारी दुसरीतले दोघं एकमेकांना कोपरं मारत असतात आणि मागे भिंतीला टेकून सातवी-आठवीतली मुलं 'आम्ही आपले सहज आलोय' असा चेहरा करून बसलेली असतात. या सगळ्यांना मी पुस्तकं वाचून दाखवते. कुठलं पुस्तक चालेल आणि कुठलं पडेल याचा जो काही अंदाज आता येतो, तो या श्रोत्यांच्या चुळबुळीवरून आलेला आहे.

त्यांच्यातला एक पाचवीत शिकतो. शाळा इंग्लिश मीडियमची, घरी मराठी. त्याच्या हातात ना. धों. ताम्हनकरांचं 'गोट्या' दिलं की पहिल्याच परिच्छेदात जोडाक्षराशी गाडी अडते. बोट ठेवून एकेक शब्द जुळवत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तेच पान वाचून दाखवलं तर हसायच्या जागी तो सगळ्यांच्या आधी हसतो. मराठीत त्याचे डोळे दुसरीत आहेत आणि कान सहावीत.

जिम ट्रेलीज नावाच्या अमेरिकी पत्रकाराने १९७९ मध्ये पदरचे पैसे घालून या विषयावर एक पुस्तिका छापली होती. १९८२ मध्ये पेंग्विनने ती 'द रीड-अलाउड हँडबुक' या नावाने पुस्तकरूपात काढली. मुलाला ऐकून जे समजतं ते त्याच्या स्वतःच्या वाचनाच्या बरंच पुढे असतं आणि साधारण आठवीच्या सुमारास दोन्ही एका पातळीवर येतात, असं त्यांचं म्हणणं. ट्रेलीज अमेरिकेतल्या मुलांबद्दल बोलत होते. आपल्याकडे शाळेची भाषा एक आणि स्वयंपाकघरातली दुसरी, त्यामुळे हे अंतर आणखी वाढतं. तरीही बहुतेक घरांत मूल दुसरीत गेलं, स्वतः वाचायला लागलं, की आईबाबा वाचून दाखवणं थांबवतात. ज्या वयात कानाला खरी मेजवानी देता आली असती, नेमकं त्याच वयात.

अगदी धाकट्यांसाठी पुस्तक निवडताना गोष्ट किती चांगली आहे हे मी जवळजवळ बघतच नाही. काहीतरी पुन्हा पुन्हा येतंय का, एवढं बघते. चिऊ-काऊची गोष्ट इतकी वर्षं टिकली ती काऊच्या दार वाजवण्यावर. चिऊ दर वेळी नवं कारण सांगते आणि प्रत्येक कारण श्रोत्यांना आधीच पाठ असतं. विंदा करंदीकरांच्या बालकविता त्यासाठीच हाताशी ठेवाव्यात. 'राणीची बाग' १९६१ चं, 'एटू लोकांचा देश' १९६३ चं. साठ वर्षं उलटून गेली, पण मोठ्याने वाचताना जीभ कुठेही अडत नाही. तिरपागडी कल्पना तीन वर्षांच्या मुलाला कळते का, याची काळजी करू नये. त्याला यमक कळतं, आणि मागच्या रांगेतल्यांना तिरपागडेपणा कळतो. एकच कविता दोघांना दोन वेगवेगळ्या कारणांनी आवडते.

माधुरी पुरंदरे यांचं एक चित्रपुस्तक आहे, त्यातल्या अनूला बाबांच्या मिशांचं भारी वेड. बाबांच्याच काय, दिसेल त्याच्या मिशा तिला आवडतात आणि आपल्याला कधी येणार याची घाई झालेली असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे बसलेल्या एका चिमुरडीने मागे वळून वॉचमनकाकांच्या मिशा नीट पाहून घेतल्या. मग पुस्तकाकडे पाहिलं. पुन्हा काकांकडे. वाचन तिथेच थांबलं, कारण प्रत्येकाला आपल्या घरात कुणाला मिशा आहेत आणि कुणी काढून टाकल्या हे सांगायचं होतं. चित्रपुस्तकाच्या बाबतीत हा व्यत्यय धरायचा नाही, तो वाचनाचाच भाग. पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' तर मुलांनी चित्राकडे बघून बोलावं यासाठीच केलेलं आहे. फक्त एवढ्या जणांना दाखवायचं तर चित्र मोठं आणि मोकळं हवं. घरी मांडीवर घेऊन वाचायला जे छान, त्यातलं बारीक नक्षीकाम हॉलमध्ये तिसऱ्या रांगेतून दिसत नाही आणि मग 'मला दिसत नाहीये' हाच एकमेव संवाद चालू राहतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना चित्रांशिवाय ऐकता येतं, हे बऱ्याच पालकांना खरं वाटत नाही. त्यांना मी जी. ए. कुलकर्णी यांचं 'बखर बिम्मची' सुचवते. 'जीए' म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर जातात, कारण त्यांना कॉलेजात वाचलेल्या त्या काळ्याकुट्ट कथा आठवतात. पण बिम्म आणि त्याची बहीण बब्बी यांचं जग वेगळंच आहे. बिम्म ज्या गंभीरपणे प्राण्यांशी बोलतो, तोच गंभीरपणा समोरच्या सहा वर्षांच्या श्रोत्याकडे असतो. वाचताना लाडिक आवाज काढला तर मात्र सगळी मजा जाते. साध्या आवाजात, बिम्मवर पूर्ण विश्वास ठेवून वाचायचं.

आठ ते दहा या वयाची मुलं सगळ्यात सोपे श्रोते. त्यांना 'पुढे काय' लागतं, आणि पुढे काय याची सोय भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेच्या पुस्तकांत पुरेपूर करून ठेवली आहे. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला हा बनेश फेणे सायकलवरून ज्या भानगडींत शिरतो, त्यात प्रकरण कुठे संपवायचं हे लेखकाला नेमकं ठाऊक आहे. त्याचा तो प्रसिद्ध 'ट्टॉक' पुस्तकात नुसता छापलेला असतो, हॉलमध्ये तो खरोखर वाजतो. टाळूला जीभ लावून तो कसा काढायचा हे मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात. पुढचे दोन दिवस लिफ्टमध्ये तेच चालतं आणि आयांच्या तक्रारी येतात. जुन्या पुण्यातल्या काही गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, ट्रंककॉल वगैरे. पण गोष्ट पळत असताना समजावत बसू नये. मूल विचारेल तेव्हाच सांगावं, आणि बहुतेकदा ते विचारत नाही.

'तोत्तोचान'ची गंमत निराळी. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ मध्ये आलं, चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला. प्रकरणं दोन-तीन पानांची. झोपायच्या आधी एक, किंवा फार हट्ट झाला तर दोन. पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते आणि तिथले मुख्याध्यापक तिची बडबड चार तास ऐकून घेतात, हे वाचल्यावर तिसरीतल्या एकाने घड्याळ बघितलं. 'म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत?' त्याला डब्यातल्या शाळेपेक्षा हे जास्त अशक्य वाटलं होतं.

अनुवाद मात्र पारखून घ्यावे लागतात. मनात वाचताना जे खटकत नाही ते घशात अडकतं. माझी परीक्षा साधी आहे. घरी दार लावून मधलीच दोन पानं मोठ्याने वाचायची. 'जी जिच्या ज्यामुळे' अशी वाक्यं दोनदा आली की पुस्तक परत कपाटात. संवाद लांबलचक आणि 'असं आजोबा म्हणाले' हे अगदी शेवटी असेल तर तोवर मी ते वाक्य मुलाच्या आवाजात वाचून मोकळी झालेली असते. निसर्गवर्णनाचा एक परिच्छेद चालतो, दुसऱ्याला दुसरीतली कोपरं पुन्हा सुरू होतात. आणि शेवटी तात्पर्य छापलेलं असेल तर ते वाचायचं नाही. ते ऐकायला कुणी आलेलं नसतं.

जुन्या पुस्तकांत जाड्या मुलाची, तोतऱ्याची, सावळ्या रंगाची टिंगल सहज येऊन जाते. समोर बसलेल्यांत जाडं कोण आणि सावळं कोण हे मला दिसत असतं. एखादं वाक्य असेल तर मी ते गाळते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. अख्खी गोष्टच त्यावर उभी असेल तर ती गोष्ट निवडत नाही. शुद्धतावाद्यांनी हवं तर मूळ प्रत घरी वाचावी.

'श्यामची आई'बद्दल पालकांचे दोन तट आहेत. एकाला ते पहिलीपासून हवं असतं, दुसऱ्याला नकोच, फार रडवतं म्हणून. माझ्या मते ते वाचून दाखवण्यासाठीच जन्मलेलं आहे, कारण त्याची रचनाच तशी आहे. श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांऐवजी रात्री. अशा बेचाळीस. आमच्या मुलांना त्यात आणखी एक रस आहे, पुस्तक त्यांच्या गावचं आहे. साने गुरुजींनी त्याचा बहुतेक भाग ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात लिहिला. त्या तुरुंगावरून शाळेची बस जाते, असं एकीने लगेच सांगितलं. पण सुरुवात पहिल्या रात्रीपासून करायलाच हवी असं काही नाही. आम्ही 'अळणी भाजी'पासून केली. भाजीत मीठ घालायचं आई विसरली आहे आणि जेवणारे एक अक्षर न बोलता जेवताहेत, हे कळल्यावर मुलं आधी खूप हसली. आता कुणी बोलेल, मग बोलेल, म्हणून वाट बघत राहिली. 'आमच्याकडे बाबा पहिल्या घासाला ओरडले असते,' असं एकाने जाहीर केलं. बाबा मागेच उभे होते, त्याला न्यायला आलेले. 'श्यामचे पोहणे'लाही अशीच दाद मिळाली. शेवटच्या, आजारपणाच्या रात्री मी हॉलमध्ये वाचत नाही. त्या घरी, एकदोघांत वाचायच्या आहेत.

खरा कस लागतो तो भिंतीला टेकलेल्यांचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपल्याला 'गोष्ट सांगितली जाते आहे' ही भावनाच अपमानाची वाटते. त्यांना बालसाहित्य वाचून दाखवू नये, सरळ मोठ्यांचं द्यावं. त्यात मराठीने एक मोठी सोय करून ठेवली आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले. त्यांचं लेखन आधीच भर सभेत तोंडी तपासून निघालं आहे, मला ते दार लावून वाचायची गरज पडत नाही. मिरासदारांच्या 'व्यंकूची शिकवणी'ला मागची भिंत पहिल्यांदा हसली, आणि हसल्यावर पुन्हा कंटाळलेला चेहरा करणं त्यांना जमेना. मग 'माणदेशी माणसं'मधला झेल्या. शाळेवर राग असलेला पोरगा, त्यात त्याची बोली. आपल्या आजीसारखं कुणीतरी पुस्तकात बोलतंय म्हणून एक सांगोल्याकडचा मुलगा चमकला. माझे हेल चुकत होते, ते त्याने मागून दुरुस्त केले, आणि पुढचं पान त्यालाच वाचायला लावलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन मी इतक्या गर्दीत वाचत नाही. त्याचा कानडी वळणाचा बेळगावी बाज आणि अचाट आकड्यांत बोलण्याची सवय तीन-चार जणांत जास्त खुलते, आणि 'वनवास'मधल्या हुरहुरीला थोडी शांतता लागते.

सगळे एकत्र असताना क्रम ठरलेला आहे. आधी कविता, मग एक चित्रपुस्तक. तेवढ्यात धाकटे पेंगतात किंवा घसरगुंडीकडे पळतात, मग मोठ्यांचं क्रमशः. पुस्तकांवर फारसा खर्च होत नाही. १८४० पासून चालू असलेलं आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, आहेच. बालभारतीच्या 'किशोर'चे नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरची मराठी चित्रपुस्तकं टीव्हीला जोडली की तिसऱ्या रांगेचा प्रश्नही सुटतो.

सध्या हॉलमध्ये रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' चालू आहे. नाटक वाटून वाचता येतं, आणि ज्यांचे डोळे मराठीत मागे आहेत त्यांना दोन-दोन ओळी पेलतात. तो पाचवीतला मुलगा आपली वाक्यं रोमन अक्षरांत वहीत उतरवून आणतो आणि धाडधाड म्हणतो. भांडण आहे ते चिंची चेटकिणीवरून. आठवीतल्या दोघी, दुसरीतला एक आणि बी विंगमधले आजोबा, असे चार उमेदवार झाले आहेत. येत्या शनिवारी चौघांची चाचणी आहे.