रिकाम्या पाट्या

गणपतीला दोन दिवस राहिलेले आणि गाडी माणगावच्या पेठेत अडकलेली. मुंबईचा महामार्ग, ताम्हिणी उतरून निजामपूरवरून येणारे पुणेकर, श्रीवर्धनची वाट, सगळ्यांना याच चिंचोळ्या बाजारातून पार व्हायचं असतं. समोरून आलेला मासळीचा टेम्पो नेमका माझ्या खिडकीशी थांबला. आत आरशाला छोटासा क्रूस, बाहेर बंपरला लिंबू-मिरची. मला हा दुहेरी बंदोबस्त फार आवडला.

बोळातून रिक्षा निघाली, मग दोन बाइक, मग एसटी. टेम्पोवाला प्रत्येकाला हात करून वाट देत होता. मागचे हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करत होते. मी म्हटलं, "दादा, असं केलंत तर विसर्जन इथेच होईल." तो हसला. "माल महाडला उतरवला. पाट्या रिकाम्या आहेत. भरलेल्या असत्या तर मीपण हॉर्नच मारला असता."

तो कोर्लईचा निघाला. कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. पोर्तुगीज 1740मध्ये गेले, पण तिथले ख्रिस्ती अजून घरात त्यांच्या बोलीची आपली आवृत्ती बोलतात. क्रूस आणि ती वाट देणं पाहून मला बायबलातला पौल आठवला. त्याने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याची नऊ फळं मोजली आहेत. त्यात सहनशीलता चौथी. रिकाम्या पाट्यांची सहनशीलता त्यात धरायची की नाही, ते पौलालाच ठाऊक. भरल्या पाट्यांची म्हटली की मला एकच बाई आठवते, लक्ष्मीबाई टिळक.

तिचे यजमान, रेव्हरंड ना. वा. टिळक, आपल्या कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1893मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. झालंही तसंच, फेब्रुवारी 1895मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला उत्सुकता मात्र त्या गाडीत नसलेल्या माणसाबद्दल. नवऱ्याला साक्षात्कार झाला आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे, पंढरपुरात. सोवळंओवळं अंगात मुरलेलं, कारण वडील असे की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. त्याच बाईने पुढे स्वतःच विचार करून जात टाकली. टिळकांनी सांगितलं म्हणून नव्हे, हे महत्त्वाचं. 1900मध्ये तिचाही बाप्तिस्मा झाला.

पुढे टिळकांची भूतदया आणि तिचा संसार एका छपराखाली आले. टिळक उदार, म्हणजे हाताला येईल ते देऊन मोकळे. दुष्काळातली पोरकी पोरं घरी आणणारे ते, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढणारी आणि पीठ पुरवून वापरणारी ती. प्लेगच्या छावणीतही ती सेवेला होती. 1917मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. संन्याशाच्या बायकोने वाण्याला काय सांगायचं, हे पौलाच्या कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही.

दानशूर माणसांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या घरी राहायची हौस नाही. औदार्याची पावती एकाच्या नावाने फाटते आणि पैसे भलताच भरतो. लक्ष्मीबाईंनी ते भरले, वर त्यावर हसल्यासुद्धा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र 1934पासून भागाभागाने आलं. त्यात टिळकांच्या रागाचं, विसराळूपणाचं, न सांगता नाहीसं होण्याचं वर्णन इतकं खट्याळ आहे की त्यांचा राग यायच्या आधी हसूच येतं. सूड नाही, गुळमट क्षमाही नाही.

टिळक 1919मध्ये गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, ते बाईंनी पूर्ण केलं. नवऱ्याने अर्ध्यावर सोडलेली कामं पुरी करायची सवय होतीच. तरी मी पुन्हा पुन्हा उघडतो ती 'स्मृतिचित्रे'च. 'ख्रिस्तायना'त देव आहे, इथे देवाच्या मागे लागलेला नवरा आहे, आणि त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं जेवण.