घोटभर पाण्यासाठी

मोटार-शर्यतीतला ड्रायव्हर बसूनच तर असतो, त्याला कसला घाम, असं कुणालाही वाटेल. पण अंगावर आगरोधक कपड्यांचे थर, पाठीशी धगधगतं इंजिन! उकाड्यातल्या एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामावाटेच जातं. गाडीत पाण्याची पिशवी असते, तिची नळी थेट हेल्मेटमध्ये. मात्र थोड्याच वेळात ते पाणी चहासारखं गरम होतं. (बिनदुधाच्या, बरं का!) म्हणून जाणते ड्रायव्हर तहानेची वाट न पाहता आदल्या दिवसापासूनच क्षार मिसळलेलं पाणी पीत राहतात.

८ ऑक्टोबर २०२३ची कतारमधली फॉर्म्युला वन शर्यत रात्रीची होती, तरी उकाडा असह्य. फ्रान्सच्या एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. तरीही तो सातवा आला. आधीच आजाराने अशक्त झालेल्या अमेरिकेच्या लोगन सार्जंटच्या अंगातलं पाणी पार आटलं, तेव्हा त्याने शर्यत सोडली. ताशी तीनशेच्या वेगात डोळ्यांपुढे अंधारी आली तर? शहाणा सार्जंटच म्हणायचा.

उष्णता निर्देशांक ३१ अंशांवर जाण्याचा अंदाज असला, की गाडीत गारव्याची यंत्रणा बसवणं २०२५ पासून सक्तीचं झालं. गार द्रव खेळवणारं जाकीट घालायचं की नाही, हे मात्र त्या वर्षी ड्रायव्हरच्याच मर्जीवर सोडलं होतं.