सांबराचा शब्द

धान निसवला की सावली गावाकडच्या बांध्यांवर जागल सुरू होते. रानडुकरांसाठी माळ्यावर बसलेला माणूस चितळ ओरडलं तरी बिडी ओढत राहतो. पाचोळा वाजला तरी तो कळप बोंब ठोकतो. पण अंधारातून एकच टणक ‘ढाँक’ आला की बिडी विझते. सांबर बोललं! आता खाली उतरायचं नाही.

आपल्याकडच्या हरणांत हे सर्वांत थोरलं. नर खांद्याशी पाचेक फूट, वजन तीनशे किलोच्या घरात. एवढ्या देहाला गोतावळा मात्र नाही. मादीसोबत पिल्लू, फार तर आणखी एखाददुसरी मादी. नर बहुतेक एकटाच. थंडीत माजावर आला की चिखलात लोळतो, शिंगांनी झाडांच्या साली सोलतो. त्या दिवसांत त्याच्या गळ्यावर केस गेलेला, ओला, लालभडक डाग दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, जखमच झाली. माद्यांच्या गळ्यावरही तो दिसतो.

मोह टपकायच्या सुमारास शिंगं गळू लागतात. पाचोळ्यात पडलेलं शिंग जवळून पाहावं: तपकिरी, खरबरीत, तीन टोकांचं, आणि कडेला बारीक समांतर खाचा. साळिंदराचे दात ते! शिंगातला चुना त्याच्या पोटात जातो. पावसाळ्यात नवी शिंगं मखमल पांघरून वाढतात.

उत्तरेकडच्या थंड मुलखातला मूस याच गोत्रातला, पण आकाराने कितीतरी मोठा. त्याची शिंगं पसरट, पंजासारखी. तोही एकांडा, तोही पाण्याचा शौकीन. तळातल्या वनस्पतींसाठी चक्क बुडी मारतो. लांडगे मागे लागले की तो पाण्यात उभा ठाकतो. रानकुत्री लागली की आपलं सांबरही तसंच तळ्यात शिरतं.

वाघापुढे मात्र त्याची रीत वेगळी. शेपूट वर, कान पुढे, खूर आपटत ते वाघाकडेच तोंड करून ओरडतं. वाघाची सारी मदार दबा धरण्यावर. आपण दिसलो हे कळलं की पुष्कळदा तो डाव सोडून उघड्यावरून चालू लागतो. ताडोब्यातले गाइड सांबराच्या कॉलवर जिप्सी थांबवतात ते यासाठीच.

कळपातल्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर जगता येतं, दुसऱ्याच्या भीतीने पळता येतं. एकट्याला स्वतःच पाहावं लागतं. शिवाय बोललं की आपला ठावठिकाणाही उघड होतो, म्हणून उगाच बोलणं परवडत नाही. पण वाघ खरोखर दिसला, तर जीव घेऊन पळण्यापेक्षा ‘तुला पाहिलंय’ हे त्याला ऐकवणंच स्वस्त पडतं.