तबकडीचे माप

ब्रह्मपुरीकडे धानाची कापणी उरकली, की नाटकांचे दिवस येतात. शंकरपट भरतात, मंडप उभे राहतात आणि रात्री सुरू झालेले झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. याच गावात आम्ही आजोबांच्या ग्रामोफोनवर बालगंधर्वही ऐकले. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. १९०२ साली गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून आपल्या गायकांना या मापात बसावे लागले. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत लांबणारे पद तबकडीवर आटोपशीर झाले आणि तेच रूप आम्हांला मूळ वाटू लागले.

झाडीपट्टीची रात्र या मापात मावणारी नव्हतीच. पुढे कॅसेट आली. नव्वद मिनिटांची कॅसेटही पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागे. तरी आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन मंडपात बसलो. घरी येऊन ऐकले, तर पदे अस्पष्ट. ठळक होत्या त्या शिट्ट्या, ऑर्गनचा सूर आणि मध्येच रडणारे एक मूल. मुद्रण बिघडले असे मानून आम्ही त्याच कॅसेटवर चित्रपटगीते भरून घेतली.

गाणे एकाग्रतेने ऐकणे आम्ही तबकडीकडून शिकलो, यात शंका नाही. परंतु ऐकणाऱ्यांचा आवाज म्हणजे दोष, हेही तिच्याकडूनच शिकलो. बालगंधर्व आजही ऐकता येतात. ती रात्र मात्र आम्हीच पुसली.